तू कोणती फाईल बदलतेस?

४ मार्च, मंगळवार

…आणि त्या दिवशीही मी खळ ढवळत होते. सकाळचे साडेआठ असतील. कापायचं टेबल पुसून झालं होतं. आदल्या दिवशी दाबाखाली ठेवलेली तीन रजिस्टरं काढून उभी केली होती, पुठ्ठ्याची कतरण गोणीत भरली होती, शिवायचा दोरा मेणातून ओढून ठेवला होता. खळ धरायला लागली की हात थांबवून चालत नाही, म्हणून मी शेगडीपाशीच होते, आणि तू आतल्या खोलीत हसलीस. मग हे हसले. मी इथूनच विचारलं, "काय झालं?" तू म्हणालीस, "काही नाही गं ताई, कॉम्प्युटरचं आहे."

खळीत गुठळ्या झाल्याच.

बारके, यांना जाऊन अकरा महिने झाले. पत्राच्या आरंभी समोरचं माणूस खुशाल असेल अशी आशा करतात. तू खुशाल आहेस की नाही मला ठाऊक नाही आणि आज मी ते विचारायला लिहीतही नाही. तू करतेस ते बंद कर, एवढं सांगायला लिहिते आहे.

यांची पुस्तकबांधणी शिकवायची साईट मी चालू ठेवली आहे. तुला वाटलं असेल, ती यांच्याबरोबर गेली. एकशे बारा धडे यांनी लिहिले होते. त्यांच्या वहीतून उतरवून मी नऊ वाढवले. धडा लिहायचा, बिल्डचा आदेश द्यायचा, मशीन सगळी पानं जोडून एक फोल्डर तयार करतं ते वर चढवायचं, एवढं यांनी शेवटच्या महिन्यांत मला एका कागदावर लिहून दिलं होतं. तेवढंच.

ग्रंथालयाचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना हे धडे वर्गाला लावायचे आहेत. पण अक्षर बारीक आणि फिकट आहे, निम्म्या विद्यार्थिनींना वाचता येत नाही, असं त्यांनी कळवलं. ३१ मार्चला त्या दुकानात येऊन बघणार. अक्षर सुधारलेलं असलं तर एप्रिलपासून यांचे धडे लागतील, नाहीतर त्यांच्याकडे दुसरी कसलीशी पुस्तिका तयार आहे. या सबंध वर्षात मला हवी असलेली गोष्ट ही एकच. आणि ती माझ्या हातून व्हायला हवी.

पानांचं रूप ठरवणारी फाईल मी शोधून काढली. अक्षराचा आकडा सोळाचा वीस केला, राखाडीचा काळा केला. पान उघडलं तर काय सुंदर दिसत होतं! चार दिवसांनी बघते, तर पुन्हा बारीक, पुन्हा राखाडी. पुन्हा बदललं. पुन्हा गेलं. तीन वेळा.

साईटची किल्ली, म्हणजे तो पासवर्ड, यांच्यानंतर दोघींकडेच आहे. मी पुसत नाही. मग कोण पुसतं? साईटला तू दिलेला रंग मी बदललेला तुला सोसत नसेल, तर तसं तोंडावर सांग. मागून येऊन पुसू नकोस.

ताई


१० मार्च, सोमवार

बारके,

मी तीन पानांचं पत्र लिहिलं आणि तू फोनवर एक ओळ पाठवलीस. "ताई, मी हात लावलेला नाही. तू कोणती फाईल बदलतेस?"

कोणती म्हणजे? जी आहे ती. परीक्षा घेतेस का माझी?

तुझी ओळ मी शिवणाऱ्या मावशींना वाचून दाखवली. त्या अजून येतात, डोळ्याला चष्मा लावून तशाच फर्मे, म्हणजे पुस्तकाच्या पानांच्या जुड्या, शिवतात. त्या म्हणाल्या, "बाई, खरं बोलत असेल ती."

मी म्हटलं, "तुम्ही तिच्या बाजूच्या का माझ्या?"

"मी दोऱ्याच्या बाजूची. तुटला की मलाच जोडावा लागतो."

शुक्रवारी मी किल्ली बदलली. आता फक्त माझ्याकडे आहे. शनिवारी अक्षर पुन्हा वीस केलं. आता बघते कोण येतं ते.

एक सांगून टाकते. मला तुमच्याबद्दल वाईट शंका होती असं समजू नकोस. होती, पण दोनच दिवस. तू नवऱ्याचं घर सोडून आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा मीच तुला आतली खोली दिली. तुझी नोकरी साईटी बनवायची, यांना हौस, म्हणून दोघं एका कॉम्प्युटरसमोर बसायला लागलात. तुमच्यात तसलं काही नव्हतं हे मला पक्कं माहीत होतं. असतं तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. पण माणूस आणि त्याचं काम यांच्यामध्ये कोणी जाऊन बसलं, तर तक्रार कुणाकडे करायची?

यांच्याशी लग्न झालं तेव्हा मला चौथीपुरतं वाचता येत होतं. बांधायला आलेली पुस्तकं वाचून मी शिकले. फर्मे सुटे झालेले असायचे, कधी मधली पानं आधी वाचायची, कधी शेवट. हे विचारायचे, "आज काय वाचलंस?" तेवीस वर्षं विचारलं. तू आल्यावर तीन वर्षं विचारलं नाही. त्यांच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं.

तू निघून गेलीस असं मी सगळ्यांना सांगते.

ताई


१५ मार्च, शनिवार

बारके,

चोर सापडला.

किल्ली बदलल्यावरही अक्षर पुसलं गेलं. बुधवारी मी नवा धडा चढवला, कडा कापण्याचा, आणि संध्याकाळी बघते तर सगळं पूर्वीसारखं. मग मी त्या फाईलच्या नावापुढची वेळ बघितली. अकरा वाजून चाळीस मिनिटं. मी बिल्डचा आदेश दिला तोही अकरा चाळीसलाच. बाजूच्या फाईली बघितल्या, सगळ्या अकरा चाळीस. आदेश दिला की जुनं फोल्डर मोडून मशीन नवं करतं. मी ज्या पानावर पुसून लिहीत होते ते पान दर वेळी मीच फाडून टाकत होते, माझ्याच हाताने, यांनी दिलेल्या कागदात बघून.

मावशींनी विचारलं, "सापडला का चोर?"

"सापडला."

"कोण?"

"मीच."

"मग बोलवा पोलिसांना. मी जामीन राहते."

तुझ्यावर आळ घेतला तो चुकला. हे मी लिहून देते आहे, पुन्हा लिहायला लावू नकोस.

तुझी ती एक ओळ मग मला कळली. मी तयार झालेली फाईल बदलत होते. बांधून झालेल्या पुस्तकात खाडाखोड केली तर छापखान्यातल्या खिळ्यांना काय कळणार? मूळ फाईल कुठेतरी वेगळी असणार म्हणून शोधली. सापडली, 'रूप' नावाच्या फोल्डरमध्ये. तिच्या नावाचा शेवट निराळा आहे, एससीएसएस. ब्राउझरला ती वाचता येत नाही, बिल्डच्या वेळी तिची साधी फाईल होते. सगळे आकडे तिच्यातच होते.

आणि तुम्ही दोघंही.

दोन तिरक्या रेघा देऊन पुढे जे लिहायचं ते मशीन वाचत नाही, तयार फाईलमध्ये ते उतरतही नाही, हे मला आता कळलं. तुम्हाला तीन वर्षं ठाऊक होतं. ओळीओळीला गप्पा! तू लिहिलंयस, "भावोजी, समासाची रेघ दोन पिक्सेल कुणी केली? भुतानं?" त्यांनी खाली लिहिलंय, "भूत मीच. एकची दिसत नव्हती." तू, "चष्मा बदला." ते, "बदलला तर तुझ्या चुका दिसतील."

हसू आलं मला. एकटीच हसले आणि मग राग आला, कारण हे त्या वेळी हसायचं होतं.

एका जागी तू लिहिलंयस, "ताई चहा घेऊन येतेय, गंभीर चेहरे करा." मी ट्रे घेऊन यायचे आणि तुम्ही दोघं न्यायाधीशांसारखे बसलेले असायचात. मला वाटायचं, काम किती अवघड असेल!

निम्मीच फाईल वाचली आहे. अक्षर मोठं करायची ओळ सापडली, पण आकडा बदलायच्या आधीच कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीवाला घेऊन गेला.

ताई


२२ मार्च, शनिवार

दुरुस्तीवाल्याने दुसरं मशीन आणून जोडलं. फाईली सगळ्या शाबूत आहेत. "काकू, बिल्डचं टूल मात्र फार जुनं होतं, नवीन टाकलंय. जुनी मांडणी त्याला चालेना, म्हणून कोरी दिलीय," असं सांगून तो गेला. कोरी म्हणजे काय ते मला आदेश दिल्यावर कळलं. टूल म्हणतं, ही फाईल कसली आहे मला समजत नाही, हिच्यासाठी योग्य लोडर लावा.

नऊ दिवस राहिले आहेत. तुला फोन केला असता तर पाच मिनिटांत झालं असतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच नाही केला.

टूलची माहिती मी वाचते आहे. इंग्रजी आहे, यांचा शब्दकोश शेजारी घेऊन बसते, दिवसाला दोन पानं होतात. मला समजलं ते असं. तीन लोडर लागतात. एक तुमच्या त्या फाईलची साधी फाईल करतो. दुसरा ती साधी फाईल टूलला समजावून देतो. तिसरा ते रूप पानावर चढवतो. तिन्ही उतरवून घेतले. मांडणीच्या फाईलमध्ये नियम लिहिला, नावाचा शेवट असा असेल तर हे तीन लावा, आणि पुढे तिघांची यादी, पहिला, दुसरा, तिसरा. आदेश दिला. लाल अक्षरांत वीस ओळी शिव्या आल्या. कंस तपासले, स्वल्पविराम तपासले. पुन्हा शिव्या. चार दिवस झाले.

काल काही जमेना म्हणून तुमच्या फाईलचा उरलेला अर्धा भाग वाचला.

तीनशे अकराव्या ओळीवर यांनी लिहिलंय, "बारके, हिला पण हे शिकवू या का? पटकन शिकेल." आणि खाली तू. "नको भावोजी. ताईकडे सगळं आहे. एवढं एक माझं असू दे."

आणि त्याखाली त्यांचा एकच शब्द. "बरं."

बारके, मी ती ओळ किती वेळा वाचली सांगत नाही. तुझ्या ओळीचं मला एवढं काही वाटलं नाही. मला त्या 'बरं'चं वाटलं. कुठलाही वाद नाही, विचारपूस नाही. दुकानात कोणी म्हणालं, निळा पुठ्ठा नको, तपकिरी लावा, तर म्हणावं तसं. तेवीस वर्षं संसार केलेल्या बायकोला बाहेर खळ ढवळत ठेवायचं ठरलं आणि त्याला दोन अक्षरं पुरली.

मला उगीचच वाटत होतं असं नव्हतं तर. मी वर्षभर स्वतःला म्हणत आले, वेडी आहेस, कुढी आहेस, मेलेल्या माणसावर जळतेस. मावशी तर म्हणायच्या, "आता ते काय घटस्फोट द्यायला येणार आहेत? सोडा." पण दार खरंच बंद होतं. कडी आतून तूच लावली होतीस.

मग आता मीही खरं लिहिते. तू निघून गेली नाहीस. यांना जाऊन सहा दिवस झाले होते, तू त्यांच्या खुर्चीवर बसून त्यांचा अर्धा राहिलेला धडा पुरा करत होतीस, रडत होतीस आणि टाइप करत होतीस. मी दारात उभी राहून म्हटलं, "ऊठ. ती खुर्ची तुझी नाही. आजच्या आज जा." तू रडतेस हे मला दिसत होतं. मला त्याचाच राग आला. यांच्यासाठी रडायलाही तुझ्याकडे काम होतं आणि माझ्याकडे नव्हतं.

तीनशे अकरावी ओळ मी पुसणार होते. पुसली नाही. का, ते मला ठाऊक नाही.

ताई


२८ मार्च, शुक्रवार

बारके,

तुझं पत्र आज मिळालं. पहिल्यांदा हे वाच: काल दुपारी मला जमलं. म्हणजे तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी. पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस की लोडरांची यादी टूल शेवटाकडून वाचतं, म्हणून आधी चालायचा तो शेवटी लिहायचा. ते मी काल स्वतःच शोधलं. माहितीच्या अठराव्या पानावर एका कोपऱ्यात आहे. पहिला खाली नेला, तिसरा वर आणला, आदेश दिला, आणि लाल ओळ एकही नाही. मी मावशींना हाक मारली. त्या सुई हातात घेऊन आल्या, पडद्याकडे बघून म्हणाल्या, "काहीच दिसत नाहीये." मी म्हटलं, "तेच तर!" 

मग तुमच्या मूळ फाईलमध्ये सोळाचे वीस केले, राखाडीचा काळा केला. सगळं एकशे बावीस धड्यांवर उतरलं. पुन्हा आदेश दिला, पुन्हा बघितलं. टिकलं. दुसऱ्या कुणाची करणी नसावी म्हणून तिसऱ्यांदाही दिला.

आता तुझ्या पत्राबद्दल.

तू लिहितेस, "हो ताई, ते मीच लिहिलं आणि मनापासून लिहिलं. तुझ्या घरात मी तीन वर्षं राहिले. ताट तुझं, चादर तुझी, माझ्या खोलीच्या भिंतीवर तुमच्या दोघांचा फोटो. तू मला काही कमी केलं नाहीस, तोच त्रास होता. भावोजी माझं ऐकायचे तेवढा एक तास मी कुणाची तरी पाहुणी नसायचे. तू शिकली असतीस तर महिन्याभरात माझ्यापुढे गेली असतीस. तू नेहमीच जातेस."

मी हे वाचून बराच वेळ पुठ्ठे कापले. मला वाटायचं, जळायचा मक्ता माझ्या एकटीकडे आहे.

तो फोटो तिथून काढायला हवा होता, हे कधी सुचलंच नाही. आणि महिन्याभरात नसते गेले. मला त्या यादीला नऊ दिवस लागले.

माफ केलं असं मी लिहीत नाही. तूही लिहिलेलं नाहीस, बरं केलंस.

तुझी ताई


२ एप्रिल, बुधवार

बारके,

परवा सकाळी त्या बाई आल्या. मोठं पाकीट, पायात बूट, आल्याबरोबर दाबाचं मशीन हाताने फिरवून बघितलं. मला आवडल्या. खुर्चीत बसून त्यांनी तासभर धडे बघितले. चष्मा काढून बघितले, मागे सरकून बघितले, एक पान छापून खिडकीपाशी नेलं. मग म्हणाल्या, "हे वाचता येतंय. पहिल्या सत्राला लावते."

मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. मी म्हटलं, "चहा टाकते."

चहा पिताना त्या म्हणाल्या, "मजकूर तुमच्या यजमानांचा, हे कळलं. पण ही सगळी रचना, हे रूप, कोणी केलं? फार विचार करून केलेलं आहे. चित्राशेजारी नेमकी ती ओळ येते, पान छोटं केलं तरी चित्रातले टाके आणि त्यांचे आकडे जुळून राहतात. कोणी बसवलं हे?"

मावशी समोर बसल्या होत्या. त्यांचा दोरा थांबला.

मी म्हणाले, "मी."

"कमाल आहे तुमची," असं म्हणून त्यांनी पाकिटातून फॉर्म काढला. 'कर्ते' असं लिहून पुढे दोन ओळी होत्या. पहिलीवर मी यांचं नाव घातलं, दुसरीवर माझं. माझं अक्षर बऱ्यापैकी वळणदार आलं. बाई फॉर्म घेऊन गेल्या.

मावशी हातातला फर्मा संपवून उठल्या. जाताना डबा उचलला आणि म्हणाल्या, "चार हात शिवायला आणि दोन हात मिरवायला, असं आमच्याकडे चालत नाही हो बाई." मी म्हटलं, "मावशी, अक्षर मीच मोठं केलं ना? लोडर मी लावले ना?" त्या म्हणाल्या, "लावले की. मी नाही कुठं म्हणते?" आणि गेल्या.

मी बसले कॉम्प्युटरसमोर. स्वतःशी हिशेब लावत होते की मी खोटं असं किती बोलले. त्या फाईलमध्ये एकूण चारशे साठ ओळी आहेत. त्यांतल्या दोन मी बदलल्या. टाके आणि आकडे जुळून राहतात ते कशामुळे, हे बघायला मी दोनशे दहावी ओळ उघडली. अर्धा तास वाचली. मला ती समजली नाही. तिच्यावर तू लिहिलेलं आहे, "हे बसवायला सव्वीस दिवस लागले, कोणी हात लावला तर हात मोडेन." यांनी खाली लिहिलंय, "सही. साक्षीदार."

ती ओळ समजून घ्यायची आहे मला. तुझ्याकडून. हे लिहायला मला पाऊण तास लागला आहे, तेव्हा लगेच उत्तर दे.

सोमवारी उरलेल्या दिवसभर मला वाटत राहिलं की फॉर्म गेला तो गेला. तुला कळणारही नाही, तू त्या वर्गात थोडीच जाणार आहेस. यांना तर कळायचा प्रश्नच नाही. वर्षभर मी जे मागत होते ते मला मिळालं होतं: यांचं नाव, त्याखाली माझं, मध्ये कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकान अकराला उघडलं. त्याआधी चालत त्या बाईंच्या ऑफिसात गेले, फॉर्म परत मागून घेतला, आणि दोन नावांच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात तुझं नाव घातलं.

ताई